अंगावर काढलेलं दुखणं

गरोदर बाईच्या प्रत्येक तक्रारीला आपल्या घरांत एकच उत्तर मिळतं: ‘या दिवसांत असं होतंच.’ पुष्कळदा ते खरंही असतं. मळमळ, छातीतली जळजळ, कंबरदुखी, रात्री पोटरीत येणारे गोळे यांतलं बरंचसं बाळंतपणानंतर जातं. पण याच उत्तराआड दोन दुखणी लपून राहतात, आणि त्यांची मला खरी काळजी वाटते.

एक रक्तक्षय. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक गर्भवतींमध्ये तो आढळला. थकवा, धाप, चक्कर हे सगळं दिवसांवर ढकललं जातं. हिमोग्लोबिन ११च्या खाली गेल्याचं तपासल्याशिवाय कळत नाही. लोहाच्या गोळ्यांनी मळमळतं, शौचाला खडा होतो, म्हणून त्या फळीवर पडून राहतात. बंद करण्याआधी डॉक्टरांना किंवा आशाताईंना विचारा. आणि गोळीवर लगेच चहा नको, त्यानं लोह अंगी लागत नाही.

दुसरं अधिक घातक, वाढलेला रक्तदाब. पाचव्या महिन्यानंतर न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली कळ, चेहऱ्यावर अचानक सूज, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नये. अंगावरून रक्त गेलं, बाळाची हालचाल मंदावली, तरीही नाही. सासूबाईंनी किंवा नवऱ्यानं लगेच १०८ला फोन लावावा.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांत मोफत तपासणी होते. त्या दिवशी तिला शेतातून, कामावरून सुट्टी हवी, आणि सोबतीला घरचं माणूस.