काटा, टायर आणि खंडित व्यायाम

मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांना आम्ही डॉक्टर आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवतो. गुडघे कुरकुरणाऱ्यांना त्यात सायकल सोयीची. सोलापुरात मात्र तिला एक वैरी आहे, तो म्हणजे काटा. हिप्परग्याच्या बाजूला पहाटे निघावे, तर वेडी बाभूळ आणि सराटे वाटेत पसरलेलेच असतात. ‘व्यायाम का थांबला?’ असे विचारले, की शुक्रवार पेठेतील माझ्या दवाखान्यात ‘पंक्चर काढायचे राहिले’ हे उत्तर वारंवार मिळते. आठवड्याचा खंड बघता बघता महिन्याचा होतो आणि साखर पुन्हा चढते. म्हणून आज टायरविषयी.

ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूबऐवजी थोडे सीलंट, म्हणजे बहुधा पातळ रबरी द्रव असतो. काटा रुतला, की निसटणाऱ्या हवेबरोबर तो छिद्राशी जाऊन घट्ट होतो. रक्त गोठून जखम मिटावी तसाच. शिवाय हवा थोडी कमी ठेवता येत असल्याने हादरे कमी बसतात. हँडलवरील दाबाने करंगळी व अनामिकेला मुंग्या येणाऱ्यांना त्याने थोडा आराम मिळू शकतो. मात्र मुंग्या सायकलवरून उतरल्यावरही राहत असतील, तर तपासणी करून घ्यावी.

प्रथम रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेससाठीच बनवलेले आहेत ना, हे पाहावे. साध्या रिमवर हा प्रयोग करू नये. रिम कोरडी पुसून तिच्यावर खास टेप ताणून, सुरकुती न ठेवता चिकटवावी. व्हॉल्व्हपुरते छिद्र पाडून व्हॉल्व्ह घट्ट बसवावा. टायर चढवताना कडा रिमच्या मधल्या खोबणीत दाबत गेल्यास शेवटचा भाग सैल पडतो. मग कडांना साबणाचे पाणी लावून, व्हॉल्व्हची आतली पिन काढून एकदम जोरात हवा भरावी. ‘टक्, टक्’ आवाज करीत कडा जागेवर बसतात. साध्या पंपाने जमले नाही, तर दुकानातील कॉम्प्रेसरची मदत घ्यावी. नंतर हवा सोडून, बाटलीवर सांगितलेल्या मापाने व्हॉल्व्हमधून सीलंट घालावे, पिन बसवून पुन्हा हवा भरावी आणि चाक फिरवून दोन्ही कुशींवर थोडा वेळ आडवे ठेवावे.

आता माझ्या अधिकारातील गोष्टी. टायर व रिम यांवर लिहिलेल्या मर्यादांपैकी जी कमी असेल, तिच्यापुढे हवा कधीही भरू नये. कडा बसत नाही म्हणून दाब वाढवत नेल्यास टायर उडून डोळ्याला वा कानाला इजा होऊ शकते. चष्मा लावावा, तोंड चाकाजवळ नेऊ नये, मुलांना दूर ठेवावे. काही सीलंटमध्ये अमोनिया असतो, म्हणून काम मोकळ्या हवेत करावे. डोळ्यात थेंब गेल्यास चोळू नये. १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुऊन नेत्रतज्ज्ञ गाठावा. रबरी हातमोजे किंवा फुगे यांनी ज्यांना खाज, गांधी वा धाप लागते, त्यांनी नैसर्गिक रबराचे सीलंट हाताळूच नये. काटा उपटताना तो बोटात शिरला, तर धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती हे आठवावे.

सोलापूरच्या उन्हात सीलंट लवकर सुकते. उन्हाळ्यात दर दोन महिन्यांनी पाहून भर घालावी. मोठी चीर त्याने बुजत नाही, म्हणून एक जादा ट्यूब सोबत असावी आणि ती घालण्यापूर्वी आतले काटे वेचून काढावेत.

हवेच्या टायरचे १८८८ साली पेटंट घेणारे जॉन बॉइड डनलप हे बेलफास्टमधील पशुवैद्यक. मुलाच्या तीनचाकीला बसणारे हादरे त्यांना कमी करायचे होते. आपला हेतू त्याहून वेगळा नाही : घरातल्या माणसाचा प्रवास सुखाचा व्हावा आणि थांबू नये. ट्यूबलेसचा खर्च परवडत नसेल, तर साध्या ट्यूबचे पंक्चर त्याच दिवशी काढून घेतलेत तरी आपल्या साखरेला तेवढेच चालेल.