तळे कोण राखणार?

रविवारी सकाळी सोलापुरात सिद्धेश्वर तलावाच्या काठी किंवा विजापूर रस्त्यावरच्या धर्मवीर संभाजी तलावापाशी, म्हणजे आपल्या जुन्या कंबर तलावापाशी, अधूनमधून शहरातली दहा-वीस माणसे जमलेली दिसतात. त्यात कोणी शिक्षक, कोणी डॉक्टर, तर बरीचशी कॉलेजची पोरे असतात. कोणी निर्माल्य आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या वेचत असतो, कोणी दुर्बीण लावून पाणपक्षी मोजत असतो. बाजाराला आलेला आपला शेतकरी हे पाहतो आणि म्हणतो, "ह्यांना दुसरा उद्योग नाही. आमच्याकडे टँकरची वाट बघायची, आणि हे बदके मोजत बसलेत."

हा टोमणा अगदीच खोटा नाही. पण तो अर्धाच खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात गावांचे नुकसान आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सोलापूरला तळ्यांची राखण नवी नाही. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी भक्तांना हाताशी धरून तळे खोदले, ही आपली परंपरा सांगते. तेव्हा ना पाटबंधारे खाते होते, ना निविदा. लोकांनी घाम गाळला आणि सोन्नलगीला पाणी मिळाले. गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वज खांद्यावर घेणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे की हा देव कुदळ-फावड्याचाही देव आहे. पुढे इंग्रज सरकारने आदिला नदीवर एकरुखचे, म्हणजे हिप्परग्याचे तळे बांधले. १८७१ साली ते पुरे झाले. एक तळे लोकांनी केले, दुसरे सरकारने. आज दोन्ही तळ्यांपुढे प्रश्न एकच आहे. बांधणारे गेले, राखणारे कोण?

वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा जिल्हा. त्याची सगळी भिस्त उजनीवर. १९८० साली पुरे झालेले हे धरण ११७ टीएमसीचे, पण त्यातला निम्म्याहून अधिक साठा मृत. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेले होते, हे कोणी विसरलेले नाही. आणि उजनीत येते ते पाणी कसले? पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून आपल्या धरणात. "पुण्याची घाण आम्ही का प्यायची?" हा सवाल आपण वर्षानुवर्षे विचारतो आणि तो रास्त आहे.

पण मग तोच सवाल सीनाकाठच्या गावांनी सोलापूरला विचारला तर? शहराचे नाले सीनेच्या दिशेने उतरतात. सीना पुढे हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते, आणि भीमा कर्नाटकात जाते. पुण्याच्या खाली आपण, सोलापूरच्या खाली आपलीच गावे. शहरातल्या तळ्यात आणि नाल्यात जे पडते, ते आज ना उद्या कोणाच्या तरी विहिरीच्या झऱ्याला लागते. म्हणून रविवारी तळ्याकाठी जमणारी माणसे शहराचेच काम करतात असे समजू नये. ती आपल्या वेशीचेही काम करीत असतात.

आता बदके मोजण्याविषयी. सोलापुरात नेचर कॉन्झर्व्हेशन सर्कलसारखी निसर्गप्रेमींची मंडळे पक्ष्यांच्या नोंदी ठेवत आली आहेत. याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. तळ्यात सांडपाणी शिरले की पाण्यातले खत वाढते. शेतात युरिया जास्त झाला की पीक नुसते पाल्याला जाते, तसे तळ्यात शेवाळ आणि केंदाळ माजते. केंदाळाने पाणी झाकले की खाली ऊन पोचत नाही, कुजणारा पाला पाण्यातला प्राणवायू खातो आणि एके दिवशी मासे पोटे वर करून तरंगतात. मासे मरण्याच्या आधी पक्षी हलतात. ज्याच्याकडे दहा वर्षांची नोंद आहे, त्याला हे आधी कळते. टिटवीने अंडी कुठे घातली यावरून पावसाचा अंदाज बांधणाऱ्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. फरक एवढाच की हे लोक वहीत लिहून ठेवतात.

आणि लिहिलेले कागद कामाला येतात. नाशकात गोदावरी गटारीकरण विरोधी मंचाच्या कार्यकर्त्यांनी २०१२ साली उच्च न्यायालयात जनहित याचिका नेली. गोदाघाटावर झाडू मारून ते थांबले असते तर दुसऱ्या दिवशी घाट पुन्हा तसाच झाला असता. नदीत कुठला नाला कुठे मिळतो, हे त्यांनी दाखवले, म्हणून महापालिकेला आणि सरकारी खात्यांना न्यायालयापुढे उत्तरे द्यावी लागली. नदी लगेच गंगाजळासारखी झाली असे नाही. पण "आम्हाला माहीतच नव्हते" असे म्हणण्याची सोय उरली नाही. नागरिकांच्या मंडळाची खरी ताकद इथे आहे. झाडू एका दिवसाचा, नोंदवही वर्षांची.

म्हणून शहरातल्या मंडळांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. पाच जूनला झाड लावायचे, फोटो काढायचा आणि पुढच्या पाच जूनला त्याच खड्ड्यात दुसरे झाड लावायचे, हा प्रकार बंद व्हावा. मार्च ते मे पाणी घालणारा माणूस ठरल्याशिवाय रोप लावू नये. दुसरे असे की दिसले मोकळे माळरान की लाव झाडे, हाही शहाणपणा नव्हे. आपले गवताळ माळ हे पडीक नव्हेत. शेळ्या-मेंढ्या त्यावर जगतात, लांडगा आणि काळवीट त्यावर जगतात आणि माळढोकही त्यावरच जगायचा. हा पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो, टोळ-नाकतोडे खाऊन शेतकऱ्याला मदत करतो. त्याला दाट झाडी नको, गवत हवे.

माळढोकाचे नाव निघाले की नान्नज आणि आसपासच्या गावांच्या कपाळावर आठी पडते, तीही समजून घ्यावी. १९७९ साली अभयारण्य जाहीर झाले ते सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे. सोलापूर आणि तेव्हाच्या नगर जिल्ह्यातली गावेच्या गावे, पिकाखालच्या जमिनी त्यात आल्या. जमिनीच्या व्यवहारांना आणि कामांना अडचणी आल्या, शेतकरी कचेऱ्यांत खेटे घालून दमला. पुढे बऱ्याच वर्षांनी हे क्षेत्र सुमारे १२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोवर पक्षी जवळजवळ दिसेनासा झाला होता. लोकांचा राग राहिला आणि पक्षीही गेला. कागदावर रेघ मारून निसर्ग वाचत नाही, ज्याच्या शिवारात तो आहे त्याला सोबत घ्यावे लागते, हा धडा एवढी मोठी किंमत देऊन आपण शिकलो आहोत. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर प्राणी मोजायला जे शहरी स्वयंसेवक येतात, त्यांनी पहाटे परत फिरण्याआधी गावच्या पारावर तासभर बसावे. मोजलेले आकडे सरपंचाला द्यावेत, आणि गावाचे दुखणे ऐकून घ्यावे.

आता गावांनी काय करावे? आम्ही मोठ्या गोष्टी सांगत नाही. कायद्यात आणि योजनेत आधीच आहेत अशा तीनच सांगतो.

पहिली, नोंदवही. जैवविविधता कायदा २००२ चा. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि महापालिकेनेही जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि लोकजैवविविधता नोंदवही करायची. राष्ट्रीय हरित लवादाने त्यासाठी ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, तेव्हा कित्येक ठिकाणी घाईघाईने वह्या भरल्या गेल्या. आपल्या गावची वही कपाटातून काढून ग्रामसभेत वाचून पाहा. गावात नसलेली झाडे तीत असतील आणि गावातले ओढे, देवराई, गायरान नसेल, तर ती दुरुस्त करा. इथे शहरातल्या पक्षीमित्रांना बोलवा. त्यांना नावे ठाऊक आहेत, तुम्हाला जागा ठाऊक आहेत. दोघे बसले तर वही खरी होईल. अशी वही हाती असली तर उद्या ओढ्यात कोणी मळी सोडली किंवा मुरूम उपसला, तर तक्रारीला आधार राहतो.

दुसरी, गाळ आणि ओढे. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना २०१७ साली आली, २०२३ साली पुन्हा सुरू झाली. तळ्यातला गाळ म्हणजे आपल्याच शिवारातून वाहून गेलेली माती. ती परत आणली तर तळ्याची पोकळी वाढते आणि हलक्या रानाला जीव येतो. मात्र ज्या तळ्यात गटार सोडलेले आहे, तिथला गाळ तपासल्याशिवाय रानात टाकू नये. ओढ्यांचे तर विचारूच नका. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला, माढा-मोहोळपासून खाली काठाची पिके, माती, जनावरे वाहून गेली. पाऊस अफाट होता हे खरे, पण जिथे ओढ्याची वाट बुजवली होती तिथे पाण्याने दुसऱ्याच्या घरातून वाट काढली, हेही खरे. शहरात नाल्यावर बांधकाम आणि गावात ओढ्यावर नांगर, दोष दोन्हीकडे आहे. मोजणीच्या नकाशात ओढा आहे आणि रानात नाही, अशी ठिकाणे तलाठी आणि ग्रामसेवक यांनी मिळून पावसाळ्याआधी पाहून घ्यावीत.

तिसरी, कचरा. शहराचा कचरा शहरात राहत नाही, तो भोगावसारख्या गावांच्या उशाशी येऊन पडतो. तुळजापूर रस्त्यावर कचऱ्यापासून वीज करणारा प्रकल्प उभा राहिला, शहरी कंपोस्टला सरकारने 'हरित महासिटी' असे नावही दिले. पण शेतकऱ्याने पोते फोडावे आणि त्यात काचा, बाटल्यांची बुचे, प्लॅस्टिकच्या चिंध्या निघाव्यात, तर तो दुसऱ्यांदा ते खत घेईल का? ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करण्याचे बंधन २०१६ च्या नियमांनी घातले. शहरातल्या मंडळांना गल्लोगल्ली फिरून हे एक काम जरी नेटाने करता आले, तरी दुष्काळी रानाला शेणखताच्या जोडीला स्वच्छ कंपोस्ट मिळेल. शेतकऱ्यांनीही "चाळून, तपासून द्या, मगच घेऊ" असा आग्रह धरावा. गिऱ्हाईक खडखडीत बोलले की माल सुधारतो.

माझी वसुंधरा अभियानात २०२० पासून महापालिका आणि ग्रामपंचायत दोघांनाही गुण मिळतात. गुण वेगवेगळे मिळोत, पण नाला एकच आहे. शहरातले मंडळ आणि खालच्या गावातली ग्रामसभा यांनी वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर, एकत्र नाल्याकाठाने चालत जावे. कुठे काय सोडले जाते ते लिहावे, दोघांच्या सह्यांनी एकच निवेदन महापालिकेला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यावे. शहराचे एकट्याचे पत्र फायलीला लागते, गावाचे एकट्याचे पत्र तिथवर पोचतही नाही. दोघांचे मिळून गेले तर साहेबाला खुर्ची पुढे ओढावी लागेल.

तळे राखील तो पाणी चाखील, असे आपण म्हणतो, आणि बहुतेक वेळा राखणदाराने हात मारला तर चालायचेच, अशा अर्थाने म्हणतो. त्या म्हणीचा सरळ अर्थही आता घ्यायला हवा. ज्याने राखण केली नाही, त्याने पुढच्या चैत्रात पाण्यावर हक्क सांगू नये.