वारसा डोळसांचाच काय?

‘आंधळ्याला ऐतिहासिक वास्तू दाखवून काय उपयोग?’ असा प्रश्न शहाणीसुरती माणसेही विचारतात. दोष प्रश्नातच आहे. विजापूरच्या गोल घुमटाची थोरवी डोळ्यांना कळते, तशी कानांनाही कळते. घुमटाच्या सज्जात एका बाजूस केलेली कुजबूज समोरच्या बाजूस स्पष्ट ऐकू येते. ती ऐकण्यास दृष्टी कशाला हवी?

स्पर्शाने शिल्प झिजते, हा आक्षेप मात्र खरा आहे. म्हणून मूळ मूर्तीस हात लावू देऊ नये. पण हाताने चाचपता येईल अशी प्रतिकृती शेजारी का नसावी? दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २०१५ साली ‘अनुभव’ हे स्पर्शदालन उघडून ही गोष्ट साध्य असल्याचे दाखविले. दिव्यांगांना कला सुलभ करून देण्याचे कर्तव्य तर २०१६ च्या कायद्यानेच शासनावर टाकले आहे. तेव्हा ही मागणी दयेची नव्हे, हक्काची आहे.

परप्रांती सरकारी सेवेत असलेल्या आपणा मंडळींच्या मेजावर अशी एखादी फाईल कधीतरी येईल. तिच्यावर ‘निधी उपलब्ध नाही’ असा शेरा मारण्यापूर्वी स्वतःस एवढेच विचारावे : वारसा सर्वांचा म्हणताना त्या ‘सर्वां’तून अंधांना वगळण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?