मेंढपाळाचा नातू



कोडी रचण्यात इंग्लंडातले हेन्री ड्यूडनी (१८५७–१९३०) हे मोठे नाव. उमेदवारीच्या काळात ते ‘स्फिंक्स’ या टोपणनावाने स्वस्त साप्ताहिकांतून लिहीत. टोपणनावामागचे घराणे शोधू गेले, तर सापडतो एक मेंढपाळ! आजोबा जॉन ससेक्सच्या टेकड्यांवर मेंढरे राखत. माळावर खड्डा खणून त्यात पुस्तके ठेवायची, वर गारेचा धोंडा झाकायचा. मेंढरे चरत असता वाचायचे. असे आपले आपण गणित शिकून ते पुढे लुईस येथे शाळामास्तर झाले. नातवाला त्यांचे फार कौतुक.

सुटीत गुरांमागे जाणाऱ्या मुलाला भाकरीबरोबर एक पुस्तकही बांधून द्या. घरातल्या म्हाताऱ्यांच्या हकिगती वहीत उतरवा. सातबाऱ्यावर नाव राहते, कष्टांची गोष्ट राहत नाही.