कनातीबाहेरून ऐकलेला तमाशा

माझ्या आईला भाकरी थापताना गाणं लागायचं. पद चांगलं लागलं की भाकरी गोल, नाही तर कडा फाटलेल्या, असं आम्ही भावंडं तिला चिडवायचो. शिक्षण चौथीपर्यंत, पण कोणतं पद कोणत्या नाटकातलं ते तोंडपाठ. 'सौभद्र' तिनं आयुष्यात एकदाच पाहिलं, लग्नाआधी माहेरी नगरला. बाकी सगळं रेडिओवर. त्या एका नाटकाच्या आठवणीवर तिनं चाळीस वर्षं संसार केला म्हणा ना! तिचं हे वेड माझ्यात उतरलं. नाटक असो की सिनेमा, गाणं सुरू झालं की माझा हात कामावरून निघतो.

आई नगरची, त्यामुळे शाहू मोडक म्हणजे तिला घरचाच माणूस. आजच्या मुलींना हे नाव ठाऊक नसेल. ते १९१८ साली नगरला जन्मले, ख्रिस्ती घरात. १९३२ च्या 'श्यामसुंदर'मध्ये शांता आपटेंबरोबर कृष्ण झाले आणि पुढेही कितीतरी वेळा कृष्णच झाले. प्रभातच्या 'माणूस'मधला पोलीसही तेच. १९४० साली 'संत ज्ञानेश्वर' आला. ज्ञानेश्वरी सांगितली गेली नेवाशाला, आणि पडद्यावरचा ज्ञानेश्वरही आपल्याच जिल्ह्याचा, तो ख्रिस्ती! आईला याचं कोण कौतुक. कुणी नाक मुरडलं तर ती म्हणायची, ''गाणाऱ्याची जात कसली विचारता?''

पण हीच माझी आई, तमाशाचं नाव निघालं की पदर खोचून खिडकी लावून घ्यायची.

आमचं गाव संगमनेर तालुक्यातलं. चैत्रात जत्रा. नदीकाठच्या मोकळ्या जागेत कनात लागायची आणि संध्याकाळपासून ढोलकी घुमायला लागायची. आम्ही पोरी, काकू, आत्या माळवदावर वाकळ टाकून पडायचो. गण व्हायचा, मग गवळण. मावशीच्या बोलण्यावर बाप्यांचा हशा उठायचा, पण ती काय बोलली ते आमच्यापर्यंत यायचं नाही. मध्यरात्रीनंतर वग सुरू व्हायचा आणि तोवर माझे डोळे मिटलेले! सकाळी वडिलांना विचारलं, ''पुढं काय झालं?'' की ते म्हणायचे, ''तुला काय करायचंय?'' कितीतरी वगांचा शेवट मला आजही माहीत नाही. हसू नका, पण याची रुखरुख वाटते.

आणि गंमत बघा. १९७२ साली 'पिंजरा' निघाला. आमच्याकडे तंबूतल्या टॉकीजमध्ये आला तेव्हा सगळं घर गेलं. आजी, आई, काकू, झाडून सगळ्या. पडद्यावर तमाशाचा फड, ढोलकी, संध्याबाईंचं नाचणं, आणि आमची आई डोळ्यांना पदर लावून रडते आहे! मी बारा वर्षांची होते. मी विचारलं, ''हा तमाशा चालतो, मग जत्रेतला का नाही?'' आईनं उत्तर दिलं नाही, चिमटा काढला.

त्या चिमट्याचं उत्तर मी आजवर शोधते आहे. त्याआधी १९५९ साली 'सांगत्ये ऐका' आला होता, तो पुण्यात एकशे एकतीस आठवडे चालला. तो काय फक्त पुरुषांनी चालवला? पुढे २०१० साली 'नटरंग' आला आणि लावणी आपल्या दिवाणखान्यात शिरली. आता शाळेच्या स्नेहसंमेलनात सहावीतल्या मुली नऊवारी नेसून नाचतात, आया पुढे बसून मोबाइलवर टिपतात. छान आहे. पण जिनं ही कला पोटासाठी सांभाळली, ती बाई आपल्या दारावरून गेली तर तिला चहा विचारू का आपण? खरं सांगा.

गाणाऱ्या बाईशी आपण नेहमीच असे वागलो. बालगंधर्व स्टेजवर शालू नेसून आले की चांगल्या घरच्या बायका त्यांच्यासारखं नेसायला शिकायच्या. पुरुषानं बाई होऊन गायलेलं शोभून दिसायचं, बाईनं बाई होऊन गायलं तर बोभाटा. हिराबाई बडोदेकर, ज्योत्स्ना भोळे यांनी तो दरवाजा ढकलला. १९४२ च्या 'कुलवधू'मध्ये तर ज्योत्स्नाबाई सिनेमात काम करणाऱ्या सुनेची भूमिका करत होत्या! त्या नाटकांना हळूहळू मान मिळाला, कारण बायका तिकीट काढून समोर येऊन बसल्या. तमाशाच्या समोर मात्र आपण कधी बसलोच नाही.

तमाशाला जाणाऱ्या पुरुषांचं वागणं काही सगळंच सोज्ज्वळ नसतं, हे मलाही कळतं. शिट्ट्या असतात, नोटा फेकणं असतं, दारू असते. पण मला वाटतं, आपण नव्हतो म्हणून ते वाढलं. समोर नुसते बाप्ये, मग फर्माइश त्यांची. वगाऐवजी सिनेमाची गाणी वाढली. त्यात रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, म्हणजे रात्रभर चालणारा वग तासाभरात गुंडाळायचा. मग उरलं काय?

माझं लग्न होऊन मी संगमनेरला आले. याच संगमनेरात कांताबाई सातारकर राहत होत्या. तरुणपणी पुरुषी भूमिका गाजवणारी ही बाई. तुकाराम खेडकर गेल्यावर मुलं पदरात घेऊन त्यांनी पुन्हा स्वतःचा फड उभा केला. पन्नास-शंभर माणसांचं पोट, ट्रक, तंबू, सुपाऱ्या, हिशेब, आणि रात्री तोंडाला रंग लावून उभं राहायचं. आपण चार पाहुणे आले तर दमतो! शेजारच्या नारायणगावच्या विठाबाईंची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक आहे. प्रयोग चालू असताना पडद्यामागे बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि परत उभ्या राहिल्या, असं सांगतात. ती गोष्ट आपण हळहळत सांगतो. त्या बाईला तशा अवस्थेत उभं राहावं लागलं, याचा राग मात्र कुणाला येत नाही.

कांताबाई मे २०२१ मध्ये गेल्या. करोनामुळे तेव्हा दोन हंगाम कनाती लागल्याच नव्हत्या. बातमी वाचली आणि मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं एका गावात राहून, मी त्यांचा एकही वग पाहिला नव्हता. पुण्याला 'कट्यार'साठी तीन तास एसटीनं गेले होते. मात्र इथे, रिक्षाच्या अंतरावर, गेले नाही. ''लोक काय म्हणतील'' एवढंच कारण होतं. नवऱ्यानंही अडवलं नव्हतं, हेही सांगून टाकते.

दसऱ्याला हंगाम सुरू होतो, पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच सुपाऱ्या द्यायला जातात. यंदा माहेरच्या गावी जत्रेची बैठक होती. पोरांना डीजे हवा होता. आमच्या वहिनीच्या बचत गटातल्या बायकांनी उठून सांगितलं, वर्गणी आम्हीही देतो, आम्हाला तमाशा हवा. लावण्यांचा नको, वगाचा. संध्याकाळी सातला सुरू करा आणि कनातीत एक बाजू बायकांची ठेवा. बैठकीत हशा पिकला. एक म्हातारे पंच म्हणाले, ''बायका तमाशाला बसणार?'' वहिनी म्हणाली, ''मामंजी, पिंजराला तुमच्या मातोश्री पहिल्या रांगेत होत्या.'' मग हशा दुसऱ्या बाजूनं पिकला.

सुपारी गेली आहे. वग ऐतिहासिक असावा की सामाजिक, यावर बायकांत भांडण चालू आहे. मी आदल्या दिवशीच जाणार आहे. आईला नेलं असतं, पण ती आता नाही. माळवदही नाही, तिथे स्लॅब पडला. मी सातला जाऊन बसणार आहे, आणि शेवट झाल्याशिवाय उठणार नाही.