आसरा मिळाला, आपुलकीचे काय?

वृद्धाश्रमात अन्न, वस्त्र व औषध मिळाले की समाजाचे कर्तव्य संपले, हा समज आम्हांस मान्य नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने दर जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा निदान एक आश्रम उभारण्याची तरतूद केली. वैद्यकीय सेवा व करमणूक यांचाही त्यात उल्लेख आहे. परंतु बाळापूर सोडून परक्या छपराखाली गेलेल्या वृद्धाला वऱ्हाडी बोलीत ख्यालीखुशाली विचारणारा कोणत्या कलमाने मिळणार? तो अबोल होतो, जेवण टाळतो, रात्र जागून काढतो. आणि आपण ‘म्हातारपणच ते’ म्हणून मोकळे होतो. वस्तुतः पुष्कळदा हा नैराश्याचा विकार असतो व उपचाराने तो बरा होऊ शकतो. म्हणून आश्रमात मनोविकारतज्ज्ञाची नियमित फेरी हवी. २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक भिंतीवर ठळक लिहिलेला हवा. मात्र डॉक्टर हा शेजाऱ्याची उणीव भरून काढू शकत नाही. बाळापूरच्या सतरंज्या एके काळी नावाजलेल्या होत्या. मागावर आयुष्य घालविलेल्या हातांना आश्रमातही काही काम द्यावे, आणि गावकऱ्यांनी आठवड्यातून एकदा तेथे जाऊन बसावे. देणगी देणारे पुष्कळ आहेत. आम्ही वाचकांपाशी मागतो तो केवळ एक तास.