विश्लेषण : शिक्षा झाली, मग सुटका कोण ठरवणार? न्यायालयाचे स्वातंत्र्य पीडितेच्या कामी कसे येते?

न्यायव्यवस्था स्वतंत्र असावी, हे आपण नागरिकशास्त्राच्या पुस्तकात वाचतो आणि विसरतो. या स्वातंत्र्याची गरज सर्वाधिक कोणाला असते, हे बिल्किस बानो प्रकरणाने दाखवून दिले.

खटला मुंबईत का आला?

२००२ च्या गुजरात दंगलीत दाहोद जिल्ह्यात बिल्किस यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्या वेळी त्या गर्भवती होत्या. त्यांच्या डोळ्यांदेखत कुटुंबीयांची हत्या झाली, त्यात तीन वर्षांची मुलगीही होती. स्थानिक पोलिसांनी पुराव्याअभावी तपास गुंडाळला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने तपास ‘सीबीआय’कडे दिला आणि २००४ मध्ये खटला मुंबईत वर्ग केला. साक्षीदारांवर दबाव येईल, ही भीती त्यामागे होती. २००८ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने ११ जणांना जन्मठेप सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ती कायम ठेवली. इतकेच नव्हे, तर निर्दोष सुटलेल्या पोलीस व डॉक्टरांनाही दोषी ठरवले.

शिक्षामाफीत नेमके काय चुकले?

१५ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरात सरकारने या ११ जणांना मुदतपूर्व सोडले. तुरुंगाबाहेर त्यांचे हारतुरे घालून स्वागत झाले. माफीचा अधिकार सरकारला असतो, हे खरे. पण कोणत्या सरकारला? गुन्हा कुठेही घडो, शिक्षा ज्या राज्यात सुनावली जाते त्या राज्याच्या सरकारला, असे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३२ मध्ये स्पष्ट होते. म्हणजे हा अधिकार महाराष्ट्राचा होता. शिवाय सुटकेसाठी सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या दोषीबाबत शिक्षा देणाऱ्या मुंबईच्या न्यायालयाचे आणि सीबीआयचे मत प्रतिकूल होते.

न्यायालयाने स्वतःचाच आदेश कसा मोडीत काढला?

गुजरात सरकारने निर्णय घ्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाच्याच एका पीठाने मे २०२२ मध्ये सांगितले होते. ८ जानेवारी २०२४ रोजी न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. उज्जल भुयान यांच्या पीठाने तो आदेश तथ्ये दडवून मिळवल्याचे सांगत निरर्थक ठरवला, सुटका रद्द केली आणि दोषींना दोन आठवड्यांत तुरुंगात परतण्यास सांगितले. गुजरात सरकारने त्या आदेशाविरुद्ध फेरविचार याचिका करायला हवी होती, असेही सुनावले. सरकारला ‘हा अधिकार तुमचा नाही’ म्हणणे आणि स्वतःच्या दालनातील चूक मान्य करणे, या दोन्हींसाठी स्वतंत्र न्यायालयच लागते.

मग प्रश्न मिटला का?

नाही. खटला हलवण्यापासून माफी रद्द करण्यापर्यंत प्रत्येक वेळी दार ठोठवावे लागले ते पीडितेला आणि तिच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या नागरिकांना. त्यात जवळपास २२ वर्षे गेली. दिल्लीपर्यंत पोहोचण्याचे बळ प्रत्येकीकडे नसते. सत्र न्यायालयातच सरकारी वकील, पंच आणि साक्षीदार दबावाखाली आले, तर वरच्या न्यायालयाचे स्वातंत्र्य तिच्यापर्यंत पोहोचतच नाही.

काय बदलायला हवे?

तपासापासून शेवटापर्यंत प्रत्येक टप्प्यावर पीडितेला म्हणणे मांडण्याचा अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये लखीमपूर खेरी प्रकरणात म्हटले. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही सरकारला खटला मागे घ्यायचा असेल, तर आधी पीडितेला ऐकून घेणे बंधनकारक आहे. शिक्षामाफीच्या कलम ४७३ मध्ये मात्र तशी अट नाही. ती घालावी. सुटकेचा प्रस्ताव आला की पीडितेला लेखी कळवावे, तिचे म्हणणे ऐकावे आणि निर्णयाची कारणे नोंदवावीत.

कैद्याला सुधारण्याची संधी नाकारावी, असा याचा अर्थ नाही. पण जिच्यावर अत्याचार झाला तिला अत्याचारी सुटल्याची बातमी टीव्हीवरून कळू नये, एवढी किमान अपेक्षा तरी कायद्याने पूर्ण करायला हवी.